स्फोटात शरीराला काय होतं, हे प्रयोगशाळेत कसं शोधतात?

२४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर आयुध निर्माणीत स्फोट झाला, इमारतीचं छत कोसळलं आणि आठ कामगारांचा जीव गेला. अशा घटनेनंतर आवाज कुठवर ऐकू गेला, काचा कुठवर फुटल्या हे आपण वाचतो. पण अंगावर ओरखडाही नसलेल्या माणसाला काही तासांनी धाप का लागते? शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाचाच पाय का जातो? किती दाबाला फुफ्फुसाला इजा होते, हे कुणी आणि कसं ठरवलं? हे प्रश्न बातमीत मावत नाहीत. जिवंत माणसाला स्फोटासमोर उभं करून उत्तर शोधणं तर शक्यच नाही.

या क्षेत्रातले संशोधक अख्खा स्फोट प्रयोगशाळेत आणायच्या फंदात सहसा पडत नाहीत. ते त्याचे भाग सुटे करतात आणि एकेका भागासाठी वेगळं यंत्र वापरतात. त्यामुळे या विषयातला कुठलाही आकडा समोर आला की पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की तो कुठल्या यंत्रातून आला आणि त्या यंत्रानं काय वगळलं होतं.

एका स्फोटातल्या वेगवेगळ्या इजा

डॉक्टर स्फोटातल्या इजांची मुख्यतः चार गटांत विभागणी करतात. पहिला गट निव्वळ दाबाच्या लहरीमुळे होणाऱ्या इजांचा. यात कानाचा पडदा, फुफ्फुस आणि आतडी सापडतात. दुसरा गट उडून आलेल्या तुकड्यांचा: धातू, काच, दगड, माती. माणूस स्वतः फेकला जाऊन आपटतो किंवा त्याच्यावर भिंत कोसळते, तो तिसरा. भाजणं, धूर आणि विषारी वायू हा चौथा. प्रत्यक्षात हे सगळं काही सेकंदांत एकाच देहावर घडतं. रुग्णालयातल्या नोंदी आणि शवविच्छेदनाचे अहवाल शेवटचं चित्र दाखवतात, पण त्यातली कुठली जखम कशानं झाली हे त्यावरून खात्रीनं सांगता येत नाही. प्रयोगशाळेचं काम इथून सुरू होतं.

दाब मोजायचा म्हणजे नेमकं काय मोजायचं?

स्फोट झाला की भोवतालची हवा इतक्या जोरानं ढकलली जाते की दाबाची एक कड आवाजापेक्षा जास्त वेगानं पुढे सरकते. हिला शॉक वेव्ह म्हणतात, आपण धक्कालहर म्हणू. उघड्या मैदानात एका जागी दाब मोजला तर आलेख ठरावीक आकाराचा येतो. काही मायक्रोसेकंदांत दाब एकदम चढतो, मग काही मिलिसेकंदांत उतरत हवेच्या नेहमीच्या दाबावर येतो आणि थोडा वेळ त्याच्याही खाली जातो. या आकाराला फ्रीडलँडर वक्र म्हणतात.

या आलेखात तीन गोष्टी बघायच्या असतात. दाब किती चढला, किती वेळ टिकला, आणि वक्राखालचं क्षेत्रफळ किती, म्हणजे शरीराला एकूण किती रेटा मिळाला. बातमीत फार तर पहिली गोष्ट येते. पण दुसरी किती निर्णायक असते ते बघा. हवेचा नेहमीचा दाब साधारण १०१ किलोपास्कल असतो. त्यावर चढलेला दाब ३ ते ५ मिलिसेकंदच टिकणारा असेल, तर फुफ्फुसाला इजा सुरू व्हायला साधारण २०० ते २७५ किलोपास्कल लागतात. तोच दाब शेकडो मिलिसेकंद रेंगाळणारा असेल, तर साधारण ८० किलोपास्कलनाही फुफ्फुस दुखावतं. कानाचा पडदा याहून नाजूक. तो ३५ किलोपास्कलच्या आसपास फाटू लागतो, आणि १०० च्या आसपास निम्म्या लोकांचा फाटतो.

म्हणून पडदा शाबूत आहे, तेव्हा फुफ्फुसही ठीक असणार, असा हिशोब पूर्वी केला जायचा. तो धोकादायक आहे. कान लहरीच्या दिशेला होता की नाही, कानात मळ होता की इअरप्लग, यावर पडद्याचं भवितव्य ठरतं. पडदा धड असलेल्या माणसाचंही फुफ्फुस रक्ताळलेलं असू शकतं.

हे उंबरठे मुख्यतः अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की इथल्या लव्हलेस फाउंडेशन या संशोधन संस्थेच्या कामातून आले. बोवेन, फ्लेचर आणि रिचमंड यांनी १९६८ मध्ये १३ जातींच्या दोन हजारांहून अधिक प्राण्यांवरची निरीक्षणं एकत्र करून ७० किलोच्या माणसासाठी वक्र काढले. आजही सुरक्षित अंतर ठरवताना या ‘बोवेन वक्रां’चा आधार घेतला जातो. त्यांची मर्यादा अशी, की ते उघड्यावरच्या एकाच स्वच्छ लहरीसाठी काढलेले आहेत. बंद जागेत लहर भिंतींवर आपटून पुन्हा पुन्हा अंगावर येते. इस्रायलमध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उघड्यावरच्या बॉम्बस्फोटांत सापडलेल्यांपैकी ७.८ टक्के दगावले होते, तर बसमधल्या स्फोटांत ४९ टक्के. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलच्या डब्यांत स्फोट झाले. अशा डब्यात बोवेन वक्राचा आकडा तसाच वापरणं चूक ठरतं.

हवेनं भरलेले अवयवच आधी का फाटतात?

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा एक वाद होता. धक्कालहर नाकातोंडातून आत शिरून फुफ्फुस फाडते, की छातीच्या भिंतीवर आपटून? ब्रिटिश शास्त्रज्ञ सॉली झुकरमन यांनी १९४० मध्ये प्राण्यांवर प्रयोग केले. प्राण्याची जी बाजू स्फोटाकडे होती त्याच बाजूचं फुफ्फुस जास्त दुखावलेलं निघालं. लहर श्वासनलिकेतून गेली असती तर दोन्ही बाजू सारख्याच रक्ताळल्या असत्या. दोष छातीच्या भिंतीवरच्या आघाताचा होता.

आत काय होतं हे कॅरमवरून कळतं. सोंगट्या एकमेकींना चिकटवून रांगेत ठेवा आणि एका टोकाला स्ट्रायकर मारा. मधल्या सोंगट्या जवळजवळ जागच्या जागी राहतात, शेवटची मात्र सुटून उडते, कारण तिच्या पुढे कुणी नसतं. दाबाची लहर स्नायू आणि रक्त यांसारख्या घट्ट माध्यमातून येते आणि फुफ्फुसातल्या हवेच्या कडेशी पोचते, तेव्हा कडेच्या पातळ थराची गत त्या शेवटच्या सोंगटीसारखी होते. तो थर फाटतो, सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतात आणि वायुकोशांत रक्त उतरतं. शिवाय दाबलेली हवा पुन्हा झपाट्यानं फुगते, आणि हलके-जड भाग वेगवेगळ्या वेगानं हलून एकमेकांपासून ओढले जातात. रक्त हळूहळू साचत जातं, म्हणूनच बाहेरून धड दिसणाऱ्या रुग्णालाही काही तास देखरेखीखाली ठेवतात.

मग छातीवर काहीतरी मऊ बांधलं तर? सहज सुचणारा हा उपाय प्रयोगात उलटा पडला. जी. जे. कूपर यांनी १९९६ मध्ये दाखवलं की छातीवर नुसता फोम ठेवला तर फुफ्फुसाची इजा वाढते. फोमच्या बाहेर कडक पट्टी लावली, की कमी होते. कडक थर लहरीचा बराच भाग परतवतो, उरलेला भाग फोममधून जाताना त्याची धार बोथट होते. नुसता फोम मात्र लहर अशी बदलून आत सोडतो की छातीची भिंत जास्त जोरानं आत ढकलली जाते. अंदाजानं बनवलेलं चिलखत माणसाला मारू शकतं, म्हणूनही ही प्रयोगशाळा हवी.

शॉक ट्यूब: स्फोटकाविना धक्कालहर

या क्षेत्रातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं यंत्र म्हणजे शॉक ट्यूब. पॉल व्हिएई यांनी फ्रान्समध्ये १८९९ साली पहिली नळी बनवली. रचना सोपी आहे. पोलादी नळीचे दोन भाग आणि मध्ये पातळ पडदा. एका भागात वायू दाबून भरायचा, दुसऱ्यात साधी हवा. पडदा फाटला की दाबलेला वायू सुटतो, पुढची हवा रेटतो, आणि नळीत धक्कालहर तयार होऊन नमुन्याकडे, म्हणजे तपासायच्या प्राण्याकडे किंवा ऊतीकडे, धावते.

लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधली अशी एक नळी ३.८ मीटर लांब आणि आतून ५९ मिलिमीटर व्यासाची आहे. पडदा मायलार या प्लॅस्टिकच्या फिल्मचा. जाड फिल्म किंवा जास्त थर लावले की पडदा जास्त दाबाला फाटतो आणि लहर जोरकस येते. पण एकाच पडद्यावर भिस्त ठेवली तर तो कधी जरा आधी, कधी जरा नंतर फाटतो आणि दोन प्रयोग सारखे होत नाहीत. म्हणून बऱ्याच प्रयोगशाळा दोन पडदे लावतात. त्यांच्यामधल्या छोट्या पोकळीत मूळ दाबाच्या निम्मा दाब भरतात. प्रत्येक पडद्यावर निम्माच भार येतो आणि दोन्ही टिकतात. मधला दाब सोडून दिला, की सगळा भार पहिल्या पडद्यावर येतो आणि दोन्ही पाठोपाठ फाटतात. क्षण आपल्या हातात राहतो.

भरायचा वायूही विचार करून निवडतात. हेलियममध्ये आवाजाचा वेग हवेच्या जवळजवळ तिप्पट असतो. त्यामुळे तेवढ्याच दाबाला जास्त जोरकस लहर मिळते, आणि मागून येणारी प्रसरणाची लहरही लवकर पोचून दाब खऱ्या स्फोटासारखा उतरवते. लांबलचक भागात साधा नायट्रोजन भरला तर दाब चढतो आणि सपाट राहतो, आलेखाचं माथं पठारासारखं दिसतं. मैदानातला छोटा स्फोट तसा नसतो.

बिघडतं कुठे? पडदा पाकळ्यांसारखा उमलून नळीच्या भिंतीला लागला पाहिजे. तो अर्धवट फाटला तर लहर कमजोर येते, आणि तुकडा सुटला तर तो थेट नमुन्यावर आदळतो. मग उंदराच्या कातडीवरचा व्रण लहरीचा की मायलारचा, हे सांगता येत नाही. नमुना नळीच्या मानानं फार मोठा असेल तर लहर त्याच्याभोवतून नीट जाऊ शकत नाही. तो नळीच्या आडव्या छेदाच्या साधारण २० टक्क्यांहून कमी जागा व्यापेल, असं बघतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नमुना नळीच्या तोंडाबाहेर ठेवणं. तिथे काम करायला सोयीचं पडतं खरं, पण धक्कालहरीमागून नळीतला वायू झोतासारखा बाहेर येतो आणि कितीतरी जास्त वेळ नमुन्याला ढकलत राहतो. दाबाचा आलेख बरोबर दिसतो, उंदराचं डोकं मात्र झोतानं झटका बसून मागे जातं. मेंदूला इजा दिसली तर ती लहरीची नसून मानेला बसलेल्या झटक्याची असू शकते. या एका चुकीमुळे मेंदूवरच्या अनेक निष्कर्षांवर प्रश्नचिन्ह लागलं. पुढे डेव्हिड रिट्झेल यांनी सुधारित यंत्र मांडलं. त्याचा वायू भरायचा भाग पसरट होत जातो, आणि शेवटाला लहर गिळणारी रचना असते, म्हणजे ती परत येऊन नमुन्याला दुसरा तडाखा देत नाही.

सेन्सर कसा लावला, यावरही सत्य ठरतं

लहर सेन्सरच्या कडेनं गेली तर एक आकडा येतो, समोरून आपटली तर दुसराच. हवेत सौम्य धक्कालहर आपटली तर दाब दुप्पट होतो, जोरकस असेल तर गणितानुसार आठपटीपर्यंत जाऊ शकतो. ‘२०० किलोपास्कल’ एवढंच लिहिलेल्या शोधनिबंधाचा त्यामुळे काहीच उपयोग नाही. कडेनं मोजले की समोरून, हे लिहिलेलं हवं.

चढण मायक्रोसेकंदांत होते, म्हणून सेन्सरची नोंद सेकंदाला दहा लाख वेळा घेतली तर माथं सापडतं. नोंद संथ ठेवली किंवा आलेख गुळगुळीत करायला फिल्टर लावला की माथं छाटलं जातं आणि खरा दाब होता त्याहून कमी दिसतो. सेन्सरचं तोंड भिंतीच्या पातळीत बसलं नाही, जरा आत गेलं, तर त्या खळग्यात दाब घुमतो. उष्णतेनंही सेन्सर भरकटतो, त्यासाठी तोंडावर ग्रीसचा थर किंवा काळी टेप लावतात. आणि प्रयोगानंतर आलेख शून्यावर परतला नाही, तर ती नोंद बाद.

उंदरावर दिसलं ते माणसाला लागू पडतं का?

ही शंका अगदी रास्त आहे, आणि बरेच प्रयोग इथेच घसरले आहेत. लहान प्राण्याची छाती लहान, लहर ती लवकर ओलांडते. त्यामुळे तोच कालावधी उंदराला फार लांब वाटतो. ढोबळ नियम असा, की दोघांच्या वजनांच्या गुणोत्तराचं घनमूळ काढायचं आणि कालावधीला त्यानं गुणायचं. ३०० ग्रॅमचा उंदीर आणि ७० किलोचा माणूस घेतला तर गुणोत्तर साधारण २३३, घनमूळ ६.२. म्हणजे उंदराला दिलेली ४ मिलिसेकंदांची लहर माणसासाठी सुमारे २५ मिलिसेकंदांची झाली. रस्त्याकडेच्या बॉम्बची लहर काही मिलिसेकंदांचीच असते, तेव्हा हा प्रयोग प्रत्यक्षात एखाद्या अजस्र स्फोटाचा ठरतो. शिवाय हा नियम फुफ्फुसासाठी काढलेला आहे. मेंदूला तो तसाच लावता येत नाही, कारण उंदराची कवटी पातळ, मेंदू जवळजवळ बिनघड्यांचा, आणि मान वेगळ्या कोनात.

तरीही प्राणी लागतात. रक्तस्राव, सूज, श्वास थांबणं, दिवसांनंतर होणारा बिघाड हे फक्त जिवंत शरीरात घडतं. भूल देऊन, नैतिक समितीच्या परवानगीनं, आणि प्रश्न दुसऱ्या कुठल्याच मार्गानं सुटत नसेल तरच हे प्रयोग करावेत, हे बंधन योग्यच आहे. ते पाळून काय हाती लागतं याचं एक उदाहरण. सुरुंगावर पाय पडलेल्या सैनिकांमध्ये पाय जातोच, पण कंबरेचं हाड उघडून आतल्या मोठ्या रक्तवाहिन्या फाटल्या की वाचणं कठीण होतं. इंपिरियल कॉलेजच्या गटानं २०१९ मध्ये उंदरांवर दाखवलं की कंबर फाटते ती पाय झटक्यानं बाहेर फेकले जाण्यामुळे. पायांची ती फेक रोखली तर कंबर वाचते. या निष्कर्षावरून संरक्षक कपड्याच्या रचनेची दिशाच बदलते, कारण मांड्यांची फेक अडवणारं काहीतरी हवं, हे त्यातून कळतं.

गाडीखाली सुरुंग फुटतो तेव्हा

१ मे २०१९ रोजी गडचिरोलीत कुरखेडा तालुक्यातल्या जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक मारले गेले. ते साध्या खासगी वाहनात होते. चिलखती गाडीत धक्कालहर बहुतेक बाहेरच अडते, पण गाडीची फरशी काही मिलिसेकंदांत वर उसळते आणि पायाच्या टाचेला खालून ठोकते. टाचेचं हाड, नडगी आणि पाठीचे मणके यांना त्याचा फटका बसतो. हा आघात कारच्या अपघातातल्यापेक्षा कितीतरी कमी वेळात होतो, त्यामुळे कारसाठी केलेली मोजमापं इथे अपुरी पडतात.

यासाठी लहरीची गरजच नाही, उसळणारी फरशी हवी. इंपिरियलमध्ये ‘अन्युबिस’ नावाचं यंत्र आहे. त्यात ४२ किलोच्या धातूच्या पाट्याला एक पिन अडवून धरते. खालून वायूचा दाब वाढवत नेतात, ठरलेल्या दाबाला पिन तुटते आणि पाटा वर उसळतो. पिन बदलली की वेग बदलतो. वर पाय ठेवलेला असतो, कधी बसलेल्या स्थितीत गुडघा वाकवून, कधी उभ्या स्थितीत ताठ. बूट घालून आणि बुटाविना, फरशीवर चटई घालून आणि न घालता, हे सगळं तिथे तपासता येतं.

पुतळा का पुरत नाही?

कार-अपघाताच्या चाचण्यांतला प्रसिद्ध पुतळा म्हणजे हायब्रिड थ्री, १९७६ सालचा. तो समोरून होणाऱ्या टकरीसाठी बनवला गेला. त्याच्या नडगीत पोलाद आहे, खालून येणाऱ्या झटक्याला ती खऱ्या पायापेक्षा फार ताठ ठरते आणि बल वाढवून दाखवते. म्हणून मिल-एलएक्स नावाचा वेगळा कृत्रिम पाय आला. त्याच्या नडगीत दबणारा रबरी भाग घातलेला आहे. नाटोच्या नियमांनुसार गंभीर इजेची १० टक्के शक्यता हायब्रिड थ्रीच्या नडगीत ५.४ किलोन्यूटनला धरतात, तर मिल-एलएक्समध्ये २.६ किलोन्यूटनला. माणसाच्या पायाला बसणारा मार तोच, दोन्ही आकडे आपापल्या यंत्राचे. एकाची मर्यादा दुसऱ्याला लावली तर असुरक्षित गाडीही परीक्षेत पास होईल. अमेरिकी लष्करानं पुढे खालून येणाऱ्या आघातासाठी ‘वायामॅन’ नावाचा अख्खा पुतळाच नव्यानं तयार करून घेतला.

पण पुतळ्याचं हाड मोडत नाही. तो फक्त बल सांगतो. किती बलाला खरं हाड मोडतं, हे मृतदेहांवरूनच कळतं. दान केलेल्या देहाचे पाय गोठवून ठेवतात, आधी सीटी स्कॅन करून हाडं ठिसूळ आहेत का बघतात, मग वितळवून हाडावर स्ट्रेन गेज, म्हणजे हाड किती ताणलं ते मोजणाऱ्या पट्ट्या, चिकटवतात आणि तडा जाण्याचा आवाज टिपणारे सेन्सर लावतात. आघातानंतर पुन्हा सीटी. अडचणी दोन. देहदाते बहुतेक वयस्क, सैनिक तरुण, म्हणून वयाची दुरुस्ती करावी लागते. आणि मृत स्नायू ताठरत नाही, जिवंत माणूस धक्क्यात पाय आवळून धरतो.

एक गोष्ट मात्र इथे ठणकावून सांगितली पाहिजे. देहदात्याची संमती नेमक्या याच कामासाठी हवी. २०१६ मध्ये रॉयटर्सनं उघड केलं की अमेरिकेत ॲरिझोनातल्या एका दलालाकडे दान केलेले वीसहून अधिक देह, दात्यांच्या किंवा नातेवाइकांच्या संमतीविना, लष्कराच्या स्फोट-प्रयोगांत वापरले गेले होते. आपल्याकडे महाराष्ट्रात देहदान १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याखाली होतं आणि देह मुख्यतः वैद्यकीय महाविद्यालयातल्या विच्छेदनासाठी जातो. तरी फॉर्म भरताना देह कशासाठी वापरला जाईल हे विचारून घ्यायचा घरच्यांना पूर्ण हक्क आहे.

हाड मोडलं नाही, हीही माहितीच

समजा २० पाय तपासले. १२ मोडले, ८ शाबूत. मोडलेल्या पायाबद्दल खात्रीनं एवढंच माहीत असतं, की त्याची मर्यादा या बलापेक्षा कमी होती. शाबूत राहिलेल्याची जास्त होती. नेमकी मर्यादा कुणाचीच हाती लागत नाही, तडा केव्हा गेला ते आवाजाच्या सेन्सरनं टिपलं असेल तरच ती जवळपास कळते. म्हणून सरळ सरासरी काढणं चूक. अशा अर्धवट माहितीसाठी संख्याशास्त्रात वेगळी पद्धत आहे, तिच्यातून शक्यतेचा वक्र मिळतो: इतक्या बलाला १० टक्के शक्यता, इतक्याला ५० टक्के. नियमांत लिहिलेले ‘सुरक्षित’ आकडे याच वक्रावरून येतात. सुरक्षित म्हणजे दहातल्या एकाला इजा होऊ शकते, असा त्याचा अर्थ असतो.

तुकडे आणि वाळू

तुकड्यांसाठी वायूवर चालणारी तोफ वापरतात. बॉम्बचे तुकडे वेडेवाकडे असतात, पण प्रयोग परत करता यावा म्हणून ठरावीक आकाराचा, छिन्नीसारख्या तोंडाचा १.१० ग्रॅमचा पोलादी तुकडा वापरायची रीत आहे. चिलखताची परीक्षा ‘व्ही ५०’ नावाच्या वेगावर होते. ज्या वेगाला निम्मे तुकडे आरपार जातात तो व्ही ५०.

मांसाऐवजी जिलेटिनचा ठोकळा चालतो. १० टक्के जिलेटिन, तापमान ४ अंश सेल्सिअस. पाणी ४० अंशांच्या वर तापवलं तर जिलेटिनची ताकद जाते. प्रत्येक ठोकळा वापरण्याआधी तपासतात: ४.५ मिलिमीटरचा पोलादी छर्रा सेकंदाला साधारण १८० मीटर वेगानं मारायचा, तो ८.५ सेंटिमीटरच्या आसपास, एखाद्या सेंटिमीटरच्या फरकानं, रुतला तर ठोकळा योग्य. फ्रीजमधून काढून टेबलावर ठेवला आणि कॅमेरे लावत बसलात तर कडा मऊ पडतात आणि पुढची सगळी मोजमापं फसतात. जिलेटिनमध्ये हाड नाही, कातडी नाही, हेही लक्षात ठेवावं लागतं.

पुरलेल्या सुरुंगात तुकड्यांइतकीच मातीही महत्त्वाची असते. पाय तुटण्याचं श्रेय पूर्वी धक्कालहर आणि तिच्यामागच्या वाऱ्याला दिलं जायचं. २०२० मधल्या इंपिरियलच्या प्रयोगांत वेगानं वाळू सोडली, तेव्हा नुसत्या वाळूच्या माऱ्यानंही पाय तुटण्याइतकी इजा झाली. सुरुंगाच्या जखमेत खोलवर माती का सापडते, आणि शल्यविशारदांना ती पुन्हा पुन्हा का धुवावी लागते, याचाही उलगडा यातून होतो. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात १९४४ पासून पाय गमावलेले जवान येत आले आहेत. तुटलेल्या भागाची उरलेली लांबी आणि प्रत ही सुरुवातीच्या जखमेवर आणि तिच्या साफसफाईवर बरीचशी ठरते.

सगळं कॉम्प्युटरवर का करत नाहीत?

करतात, पण कॉम्प्युटरला आधी सांगावं लागतं की फुफ्फुस, मेंदू, चरबी इतक्या झपाट्यानं दाबली तर किती ताठ होतात. जिवंत ऊती सावकाश दाबली तर मऊ, झटक्यात दाबली तर कडक वागते. हे मोजायला हॉपकिन्सन दांडा वापरतात. बर्ट्राम हॉपकिन्सन यांनी १९१४ मध्ये ही कल्पना मांडली, हर्बर्ट कोल्स्की यांनी १९४९ मध्ये तिला आजचं रूप दिलं. दोन लांब दांड्यांमध्ये ऊतीची पातळ चकती ठेवतात आणि एका टोकाला ठोका देतात. लहर दांड्यातून येते, काही चकतीवरून परत फिरते, काही पलीकडे जाते. दोन्ही बाजूंच्या स्ट्रेन गेजवरून चकतीवर काय गुदरलं ते काढता येतं.

पोलादी दांडा घेतला तर मेंदूसारख्या मऊ ऊतीतून पलीकडे जाणारी लहर इतकी क्षीण असते की गेजच्या खरखरीत हरवते. म्हणून हलक्या धातूचे किंवा प्लॅस्टिकचे दांडे वापरतात. चकती जाड असेल तर तिचा पुढचा भाग चेंगरतो तेव्हा मागच्याला पत्ताच नसतो, आणि मग काढलेला आकडा निरर्थक. या चाचण्यांविना केलेलं सिम्युलेशन रंगीत आणि पटणारं दिसतं, पण त्यावर कुणाचा जीव टांगू नये.

ही माहिती उलट वापरली गेली तर?

काळजी खरी आहे. पण इथे मोजलं जातं ते शरीराचं सहन करणं, स्फोटक बनवणं नाही. बोवेन वक्रांवरून कारखान्यातली दोन इमारतींमधली अंतरं ठरतात, मिल-एलएक्सच्या आकड्यांवर गाडीची फरशी नापास होते, आणि फुफ्फुसाचा अभ्यास आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरला सांगतो की या रुग्णाला आत्ताच घरी सोडू नका.

मेंदू आणि रोजचे छोटे धक्के

सगळ्यात कमी उलगडलेला भाग मेंदूचा आहे. २०१२ मध्ये गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं की धक्कालहरीच्या वेळी डोकं घट्ट धरून ठेवलं तर शिकण्या-आठवण्यातला बिघाड होत नाही. म्हणजे त्या प्रयोगात दाबापेक्षा डोक्याला बसणारा झटका दोषी ठरला. २०१६ मध्ये अमेरिकेत स्फोट सोसलेल्या मृत सैनिकांच्या मेंदूंत वेगवेगळ्या ऊतींच्या सीमांवर, म्हणजे करड्या आणि पांढऱ्या भागाच्या सांध्यावर, रक्तवाहिन्यांभोवती, व्रण सापडले. सीमेवर इजा व्हावी हे लहरीच्या भौतिकशास्त्राशी जुळणारं आहे, त्यामुळे दाबाला निर्दोष म्हणून सोडूनही चालत नाही.

आणि वरचे सगळे उंबरठे एकाच मोठ्या स्फोटाचे आहेत. तोफेवर वर्षानुवर्षं काम करणारा, खांद्यावरून रॉकेट डागणारा किंवा दार उडवून आत शिरायचं प्रशिक्षण देणारा सैनिक कानाचा पडदाही फाटणार नाही असे धक्के शेकडो वेळा खातो. अमेरिकी संरक्षण खात्यानं २०२४ मध्ये अशा धक्क्यांसाठी साधारण २८ किलोपास्कलची तात्पुरती मर्यादा घालून दिली. ती पाळली जाते की नाही हे बघायला हेल्मेटवर, खांद्यावर आणि छातीवर छोटे सेन्सर लावतात. एकाच धक्क्याला हे तिन्ही वेगवेगळे आकडे देतात, कारण लहरीकडे तोंड असलेला सेन्सर परावर्तित दाब मोजतो आणि अंगाच्या सावलीत असलेला कमी. कुठल्या बाजूनं लहर आली हे तिन्ही नोंदींच्या वेळांतल्या फरकावरून काढून, मग शॉक ट्यूबमध्ये तोच सेन्सर पुतळ्याच्या डोक्यावर वेगवेगळ्या कोनांत ठेवून दुरुस्तीचे गुणांक ठरवावे लागतात.